वाक्याच्या शेवटी येणारा प्रश्न

बंगळूर शहराच्या उत्तरेस हेब्बाळ नावाचा भाग आहे. तेथे एक जुने तळे आहे, पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि विमानतळाकडे धावणाऱ्या वाहनांनी सदैव गजबजलेला उड्डाणपूल आहे. त्या पुलाजवळ बसची वाट पाहत उभ्या असलेल्या मंडळींचे बोलणे ऐकले, तर कन्नड, तेलुगू, तमिळ, उर्दू, हिंदी आणि मराठी या साऱ्या भाषा कानांवर पडतात. एकाची भाषा दुसऱ्यास येत नसली, म्हणजे इंग्रजी मदतीस धावून येते. या इंग्रजीत दोन शब्द पुनःपुन्हा ऐकू येतात. 'धिस बस गोज टू यलहंका, इझन्ट इट?' 'यू आर फ्रॉम सांगली, इझन्ट इट?' शाळेतील इंग्रजीचा शिक्षक हे ऐकून कपाळास हात लावील. परंतु विचारणाऱ्यास हवे ते उत्तर मिळते आणि बसही चुकत नाही. मग यात बिघडले कोठे, हा प्रश्न थोडा विचार करण्याजोगा आहे.

आधी इंग्रजीचा नियम पाहू. विधान करून झाल्यावर ऐकणाऱ्याची संमती घ्यावयाची असेल, तर इंग्रज मनुष्य वाक्याच्या शेवटी एक लहानसा प्रश्न जोडतो. हा प्रश्न बनविताना त्याला चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. विधानातील साहाय्यक क्रियापद उचलावयाचे; ते नसेल तर 'डू'चे योग्य रूप आणावयाचे; काळ तोच ठेवावयाचा; आणि कर्त्याच्या जागी सर्वनाम घालावयाचे. शिवाय विधान होकारार्थी असेल तर प्रश्न सामान्यतः नकारार्थी, आणि विधान नकारार्थी असेल तर प्रश्न होकारार्थी करावयाचा. म्हणून सांगलीकराला 'आरन्ट यू?' असे विचारले पाहिजे आणि यलहंक्याच्या बसविषयी 'डझन्ट इट?' असे. 'ती गाऊ शकत नाही' या विधानाला 'कॅन शी?' अशी जोड लागते. बरे, एवढे करून नियम तरी सरळ राहतो काय? 'आय अ‍ॅम लेट' या वाक्यापुढे शिष्ट इंग्रजही बोलताना 'आरन्ट आय?' म्हणतो, तेथे त्याचे स्वतःचेच व्याकरण वाकडे होते. त्यातही प्रश्नाचा सूर चढता असला तर विचारणाऱ्याला खरोखर माहिती हवी असते; सूर उतरता असला तर त्याला केवळ मान हलवून घ्यावयाची असते.

हा सारा खटाटोप मराठी माणूस एका अक्षरात उरकतो. ते अक्षर म्हणजे 'ना'. 'तुम्ही सांगलीचे ना?' 'काल पाऊस पडला ना?' 'उद्या सुट्टी आहे ना?' पुरुष कोणताही असो, काळ कोणताही असो, 'ना' जसाच्या तसा राहतो. कन्नड माणसाचा 'अल्वा' तोच व्यवहार करतो. 'अल्ल' म्हणजे 'नव्हे'. त्याला प्रश्नाचा 'आ' जोडला की 'नव्हे का?' असा अर्थ होतो. हिंदीत 'है ना' आहे, तेलुगूत 'कदा' आहे. ज्याच्या मातृभाषेत असा एकच न बदलणारा शब्द आहे, त्याने इंग्रजीतही तसाच एक शब्द शोधला आणि 'इझन्ट इट' किंवा नुसते 'नो' निवडले, यात नवल नाही. फ्रेंच आणि जर्मन भाषांतही असे ठरीव शब्दसमूह आहेत. खुद्द लंडनच्या रस्त्यावर 'इनिट' हे आखूड रूप सर्व पुरुषांना आणि सर्व काळांना सर्रास जोडले जाते.

शेजारी राहणाऱ्या भाषा एकमेकींचे वळण उचलतात, याचे प्रसिद्ध उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथील मराठी, कन्नड आणि उर्दू या भाषांचा अभ्यास गंपर्झ आणि विल्सन या संशोधकांनी १९७१ साली प्रसिद्ध केला. पिढ्यान् पिढ्या एकत्र नांदल्यामुळे तेथील बोलींचे शब्द निराळे राहिले, पण वाक्यरचना इतकी जुळत गेली, की एका बोलीतील वाक्याचे दुसरीत शब्दास शब्द ठेवून भाषांतर व्हावे. हेब्बाळच्या इंग्रजीचे झाले आहे ते याच जातीचे.

तेव्हा 'इझन्ट इट'ला हसून वेळ दवडण्याचे कारण नाही. खरा धोका प्रश्नात नसून उत्तरात आहे. इंग्रजीतील 'यस' आणि 'नो' वस्तुस्थितीकडे पाहतात. मराठीतील 'हो' आणि 'नाही' पुष्कळदा विचारणाऱ्याच्या म्हणण्याकडे पाहतात. 'तुम्ही जेवला नाहीत ना?' या प्रश्नाला मराठी माणूस 'हो, नाही जेवलो' असे उत्तर देतो. त्याच्या 'हो'चा अर्थ 'आपले म्हणणे बरोबर आहे' असा असतो. कन्नड माणसाचा 'हौदु' असाच वागतो. इंग्रजीत त्याच ठिकाणी 'नो' म्हणावे लागते.

आता एखाद्या रुग्णालयातील प्रसंग कल्पावा. शस्त्रक्रियेपूर्वी भूल द्यावयाची आहे. पोटात अन्न असेल तर भुलीच्या अवस्थेत ते वर येऊन श्वासमार्गात जाण्याचे भय असते, म्हणून डॉक्टर इंग्रजीत विचारतात, 'रात्रीपासून काही खाल्ले नाही ना?' गावाकडून मुलाकडे आलेले वृद्ध गृहस्थ 'नो' म्हणतात. त्यांच्या मनात वाक्य असते, 'नाही, तसे नाही, सकाळी चहाबरोबर दोन बिस्किटे खाल्ली.' पण पुढचे शब्द जुळविण्यापूर्वीच डॉक्टर समाधानाने मान हलवितात. दोघांपैकी कोणीही खोटे बोललेले नाही, कोणाचे दुर्लक्षही झालेले नाही. तरी एका शब्दाचे दोन अर्थ दोन बाजूंना पडले आहेत.

न्यायालयास हा धोका दुसऱ्या अंगाने ठाऊक आहे. ज्या प्रश्नातच अपेक्षित उत्तर सुचविलेले असते, त्याला सूचक प्रश्न म्हणतात. १८७२ च्या पुरावा कायद्याने सरतपासणीत अशा प्रश्नांना, विरुद्ध पक्षाने हरकत घेतल्यास, न्यायालयाच्या परवानगीवाचून मनाई केली आणि उलटतपासणीत मुभा दिली. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही हे तत्त्व राखले आहे. शेपटीला 'ना' लावलेला प्रश्न हा बहुधा सूचकच असतो.

यावरील उपाय साधा आहे आणि तो आपल्या भाषेतच आहे. मराठी माणूस घरी बोलताना नुसत्या 'हो'वर थांबत नाही. 'हो, नाही जेवलो' असे क्रियापद पुन्हा उच्चारतो आणि त्यामुळे संदेह उरत नाही. इंग्रजी बोलतानाही ही सवय सोडू नये. विचारणाऱ्यानेही महत्त्वाच्या प्रसंगी शेपटी गाळून 'शेवटचे केव्हा आणि काय खाल्ले?' असे मोकळे विचारावे.

राहता राहिला शुद्धतेचा प्रश्न. २०१८ साली हेब्बाळात सापडलेल्या, सुमारे इ. स. ७५० च्या शिलालेखात या परिसराचे नाव 'पेर्बोळल्‌नाडु' असे आले आहे. पुढे कन्नडात आरंभीच्या 'प'चा 'ह' झाला आणि आजचे नाव रूढ झाले. त्या बदलाला आज कोणी चूक म्हणत नाही. 'इझन्ट इट'चेही कालांतराने काय व्हावयाचे ते होवो. रुग्णाच्या 'नो'चा अर्थ मात्र त्याच दिवशी, त्याच क्षणी नीट कळला पाहिजे.