सहा मिनिटं, तीस मीटर

दवाखान्याच्या मागच्या व्हरांड्यात ३० मीटर अंतर मोजून दोन्ही टोकांना नारिंगी शंकू ठेवले होते. आत्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावत फिजिओथेरपिस्ट मुलगी म्हणाली, "आजी, सहा मिनिटं नुसत्या येरझारा. दम लागला तर थांबा, पण घड्याळ थांबणार नाही."

मला सोबत चालायला मनाई होती. शेजारी कोणी असलं की पेशंट त्याच्या चालीने चालायला लागतो. दर मिनिटाला ती तेवढंच बोलायची, "छान चाललंय, अजून तीन मिनिटं." चौथ्या मिनिटाला आत्या भिंतीला टेकली. ९४ वरचा ऑक्सिजन ८७ वर आला होता. अंतर भरलं २१० मीटर.

आत्याने जन्मात विडी ओढली नाही. चाळीस वर्षं चुलीचा धूर खाल्ला, इतकंच. त्यातून सीओपीडी हा फुफ्फुसांचा आजार जडला. त्याचं नाव काढलं की सगळ्यांना सिगारेटच आठवते. आधीच्या डॉक्टरांनी तर 'वयामुळे होतं' म्हणून चार वर्षं बोळवण केली.

मग ओठांचा चंबू करून श्वास सोडायचा धडा. दोन आकडे मोजत नाकाने आत, चार मोजत ओठांतून बाहेर. आत्याने सवयीने गाल फुगवून फुंकणीची फुंकर मारली.

"आजी, चूल नाही पेटवायची! समोर निरांजन आहे समजा. ज्योत हलू दे, विझू नका देऊ."

या आजारात श्वास सोडताना बारीक नळ्या मिटतात, हवा आत कोंडते. ओठ आवळले की नळ्यांत थोडा दाब राहतो, त्या लवकर मिटत नाहीत.

पण आत्याचं दुखणं चालण्याचं नव्हतंच. "वेणी घालताना धाप लागते गं," ती हळूच म्हणाली. हे मला घरात राहून कधी कळलं नव्हतं; तिने केस कापले तेव्हा उन्हाळा म्हणून कापले असं वाटलं होतं. मान-खांद्याचे स्नायू आधीच श्वासाला जुंपलेले, हात वर गेले की त्यांच्यावर दुहेरी काम पडतं. मुलीने टेबलावर कोपरं टेकवून कंगवा फिरवायला शिकवलं. आंघोळीला स्टूल सांगितलं.

आठ आठवड्यांच्या सरावानंतर नळीत फुंकून घेतलेल्या तपासणीत फारसा फरक नव्हता. व्हरांड्यात मात्र २५५ मीटर भरले. ३० मीटरच्या आसपास फरक पडला की तो पेशंटला स्वतःला जाणवतो, असं मुलगी मला समजावत होती. आत्याचं लक्ष नव्हतं.

रिक्षात बसल्यावर म्हणाली, "बेसिनवरचा आरसा काढून टेबलावर ठेव. बसल्यावर त्यात नुसतं कपाळ दिसतं."