पावसाळी लिलीचा कांदा

बारामती आणि इंदापूर हे आपले कोरडवाहू मुलूख. मोठा पाऊस सह्याद्रीवरच सांडतो. ढग इकडे येईतो रिते होतात. म्हणून इथे सगळेच पावसाची वाट पाहतात. माणसे पाहतात, गुरे पाहतात. एक लहानसे फूलझाडही पाहते. त्याचे नाव पावसाळी लिली.

शाळेच्या आवारात किंवा घरापुढच्या कुंडीत हे झाड आपण पाहिले असेल. एरवी ते गवतासारखे दिसते. कडक उन्हाळ्यात कधी कधी पानही उरत नाही. पण एक चांगला पाऊस झाला, की थोड्याच दिवसांत देठ वर येतात. एका देठाला एकच फूल. पाकळ्या सहा. रंग पांढरा, गुलाबी, नाहीतर पिवळा. फूल एक-दोन दिवसच टिकते.

मग कोरड्या मातीत हे झाड जगले कसे? त्याचे पेव जमिनीत असते! आपले वाडवडील पेवात धान्य साठवीत. हे झाड कांद्यात अन्न आणि पाणी साठवते. हिरवी पाने अन्न तयार करतात आणि खाली धाडतात. म्हणून हिरवी पाने कापू नयेत. कापली, तर पेव रिकामे राहते.

हे झाड मूळचे अमेरिका खंडातले. १८२१ साली विल्यम हर्बर्ट या इंग्रज गृहस्थांनी त्याला नाव दिले, झेफिरँथिस. म्हणजे पश्चिमेच्या वाऱ्याचे फूल. आपला मृगाचा पाऊसही पश्चिमेच्याच वाऱ्यावर येतो. नाव कसे चपखल बसले!

आता जपण्याची गोष्ट. हा कांदा लहान कांद्यासारखा दिसतो. शास्त्रज्ञ आज कांदा, लसूण आणि ही लिली एकाच कुळात धरतात. पण भाऊबंद झाले म्हणून गुण सारखे नसतात. या कांद्यात लायकोरीन नावाचे विष असते. तो पोटात गेला तर ओकाऱ्या आणि जुलाब होतात. लहान मुलाला फार त्रास होऊ शकतो.

म्हणून आम्ही सांगतो :

खणलेले कांदे स्वयंपाकघरात ठेवू नका.

वैरणीत पडू देऊ नका.

मुलाने खाल्ले, तर घरगुती उपाय करीत बसू नका. त्याला लगेच दवाखान्यात न्या. झाडही बरोबर न्या, म्हणजे डॉक्टरांना ओळखता येईल.

फूल दारात जरूर लावावे. मात्र त्याचा कांदा ताटात येऊ देऊ नये.