शेपूट लपवलेली चिठ्ठी

दोस्तांनो, समजा तुमच्या घरी पोस्टमनकाकांनी एक पाकीट आणून दिलं. पाठवणाऱ्याचं नाव ओळखीचं. वर लिहिलंय, 'तुझ्यासाठी प्रेमपत्र!' आता खरं सांगा, ते न उघडता तुम्ही बाजूला ठेवाल? मुळीच नाही! आधी पाकीट फाडाल आणि मग विचार कराल.

अगदी हेच ४ मे २००० या दिवशी जगभरातल्या ऑफिसांत घडलं. गुरुवार होता. लोक नेहमीसारखे कामावर आले, संगणक सुरू केला, तर ई-मेलमध्ये ओळखीच्या माणसाचं पत्र! विषय काय? 'आय लव्ह यू'. आत एवढंच लिहिलेलं की, सोबत जोडलेलं प्रेमपत्र पाहा. कुणाला हसू आलं, कुणी गोंधळलं, पण हजारो लोकांनी ती जोडलेली फाइल उघडली. आणि तिथंच घात झाला.

ते पत्र नव्हतंच. तो होता एक खोडसाळ प्रोग्राम. उघडल्याबरोबर त्याने संगणकातले फोटो आणि इतर फायली पुसून त्या जागी स्वतःलाच लिहून टाकलं. मग ई-मेलच्या पत्त्यांच्या वहीत जेवढी नावं होती, तेवढ्या सगळ्यांना तेच प्रेमपत्र परस्पर धाडून दिलं. म्हणूनच ते प्रत्येकाला ओळखीच्या माणसाकडून आलं! फिलिपिन्समधल्या मनिला शहरात सुरू झालेलं हे लोण सूर्याबरोबर पश्चिमेकडे सरकत गेलं. जिथं सकाळ होऊन ऑफिसं उघडत, तिथं ते पोचत असे. ब्रिटनच्या पार्लमेंटला तर आपली ई-मेल यंत्रणा काही काळ बंद करावी लागली. लाखो संगणक एका चिठ्ठीने आजारी पाडले.

शेपटाची गंमत

तुम्ही म्हणाल, एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांना कळलं कसं नाही? त्याचं उत्तर त्या फाइलीच्या शेपटात आहे.

संगणकातल्या जवळजवळ प्रत्येक फाइलीच्या नावाला शेवटी एक टिंब आणि त्यापुढे काही अक्षरं असतात. हेच तिचं शेपूट. फोटोचं शेपूट बहुधा 'जेपीजी', साध्या मजकुराचं 'टीएक्सटी', छापायच्या कागदांचं 'पीडीएफ'. या फायली म्हणजे पाहायच्या, वाचायच्या वस्तू. पण काही फायली म्हणजे संगणकाला दिलेले हुकूम असतात. 'एक्झी', 'व्हीबीएस' किंवा मोबाइलवरची 'एपीके' ही त्यांची शेपटं. या फायली उघडल्या की हुकूम सुटलाच!

त्या प्रेमपत्राला दोन शेपटं होती. आधी 'टीएक्सटी' आणि त्याच्यामागे 'व्हीबीएस'. गंमत अशी, की ओळखीच्या फायलींचं शेवटचं शेपूट विंडोज दाखवतच नाही. त्यामुळे लोकांना दिसलं फक्त 'टीएक्सटी'. वाटलं, साधी चिठ्ठी तर आहे! खरं शेपूट पडद्याआड होतं.

आणि दोस्तांनो, ही सवय विंडोजने अजून सोडलेली नाही बरं का! म्हणून एक काम आजच करा. घरच्या संगणकावर फायलींची खिडकी उघडा. विंडोज ११ असेल, तर वर 'व्ह्यू', त्यात 'शो' आणि त्यात 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' असं दिसेल. त्यावर टिचकी मारा. झालं! सगळी शेपटं बाहेर. मग आई-बाबांना सांगा, "ऑफिसात संगणक सांभाळणाऱ्या माणसाला विचारून तिथंही हे करून घ्या."

प्रेमपत्र गेलं, लग्नपत्रिका आली

२००० सालची गोष्ट आता जुनी झाली, असं वाटतंय? मग ऐका. २०२४ साली आपल्या देशातल्या काही राज्यांच्या पोलिसांनी लोकांना सावध केलं. कशापासून? लग्नपत्रिकेपासून! व्हॉट्सअॅपवर पत्रिका येते, 'लग्नाला अगत्य यावे' म्हणून. पण शेपूट असतं 'एपीके'! ती पत्रिका नसून मोबाइलमध्ये शिरणारा प्रोग्राम असतो. एकदा तो शिरला की बँकेचे निरोप चोराला वाचता येतात.

म्हणजे बघा, सोंग बदललं, युक्ती तीच.

कुलूप फोडायचं की किल्ली मागायची?

आता थोडं गणित करू या. इंग्रजी छोट्या लिपीतली ८ अक्षरं कशीही निवडून पासवर्ड केला, तर किती प्रकार होतील? २६ ला ८ वेळा गुणा. उत्तर येतं २०,८८२ कोटींहून जास्त! पण चोराचा संगणक सेकंदाला १०० कोटी प्रकार तपासत असेल, तर साडेतीन मिनिटांत काम फत्ते. तीच अक्षरं १२ केली, तर लागतील सुमारे ३ वर्षं. आणि १६ केली तर? १३ लाख वर्षांहून अधिक! अर्थात पासवर्ड म्हणून स्वतःचं नाव, जन्मतारीख किंवा '१२३४५६' ठेवलं, तर चोराला गणित करायची गरजच नाही. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडले, की पासवर्ड लांबही होतो आणि लक्षातही राहतो.

मग १३ लाख वर्षं थांबण्यापेक्षा चोर काय करील? तो कुलूप फोडतच बसणार नाही. सरळ किल्ली मागेल! कधी घाबरवून: "तुमचं खातं आज बंद होणार." कधी लालूच दाखवून: "बक्षीस लागलंय." कधी घाई करून, तर कधी ओळखीचा चेहरा लावून. म्हणून सगळ्यात मोठं कुलूप संगणकात नसतं, ते आपल्या डोक्यात असतं.

आई-बाबांना सांगायच्या पाच गोष्टी

तुमची आई शाळेच्या ऑफिसात पगारपत्रकं करत असेल, बाबा पतपेढीत हिशेब लिहीत असतील, काका तालुक्याच्या कचेरीत असतील. त्यांच्या एका टिचकीवर कितीतरी लोकांचे पैसे आणि कागद अवलंबून असतात. त्यांना हे वाचून दाखवा:

१. साहेबांचा फोटो लावलेल्या नव्या नंबरवरून निरोप आला, "मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका, या खात्यात लगेच पैसे भरा", तर नेमका फोनच करा. तोही आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर. खरे साहेब रागावणार नाहीत.

२. वर्डची किंवा एक्सेलची फाइल उघडल्यावर 'एनेबल कंटेंट' दाबा असं आलं, तर हात मागे घ्या. पाठवणाऱ्याला आधी विचारा.

३. बँकेच्या संकेतस्थळाच्या पत्त्याचंही शेपूट पाहा. पत्त्यात बँकेचं नाव कुठंतरी आहे, एवढ्यावर भागत नाही. पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या लगेच आधी काय आहे, ते महत्त्वाचं. रिझर्व्ह बँकेने भारतातल्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' असा शेवट असलेले पत्ते घ्यायला सांगितलं होतं.

४. चहाला उठताना विंडोजचं बटण आणि 'एल' एकदम दाबा. पडद्याला कुलूप लागतं. पासवर्डची चिठ्ठी पडद्याला चिकटवू नका. आणि ओटीपी ही दुसरी किल्ली आहे, ती कुणालाही सांगू नका.

५. महत्त्वाच्या फायलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढा आणि काम झालं की ती डिस्क संगणकापासून सोडवून कपाटात ठेवा. त्या प्रेमपत्राने फोटो पुसले, तेव्हा अशी प्रत असलेल्यांचेच वाचले.

चूक झालीच तर?

हे प्रेमपत्र लिहिणारा ओनेल द गुझमान मनिलातल्या एका कॉलेजात शिकत होता. इंटरनेटला पैसे नव्हते, म्हणून दुसऱ्यांचे पासवर्ड चोरायला आपण ते केलं, असं त्याने २० वर्षांनी कबूल केलं. तेव्हा फिलिपिन्समध्ये अशा गुन्ह्यासाठी कायदाच नव्हता, म्हणून तो सुटला. नवा कायदा त्यानंतर, जून २००० मध्ये झाला. आपल्याकडचा माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू आहे. तेव्हा गंमत म्हणूनसुद्धा कुणाचा पासवर्ड चोरायचा नाही, समजलं ना?

आणि शेवटची गोष्ट थोडी मोठ्यांसाठी. ज्यांनी ती चिठ्ठी उघडली, ते मूर्ख नव्हते. त्यांनी ओळखीच्या माणसावर विश्वास ठेवला, एवढंच. उद्या घरात किंवा ऑफिसात कुणाच्या हातून अशी चूक झाली, तर आधी रागवू नका. बोलणी बसतील या भीतीने माणूस गप्प बसतो आणि तेवढ्या वेळात चोर पैसे घेऊन पसार होतो. पैसे गेले असतील, तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितकं लवकर कळवाल, तितकी पैसे अडवता येण्याची आशा जास्त. ऑफिसचा संगणक असेल, तर तो नेटवर्कपासून तोडा आणि लगेच साहेबांना सांगा.

तर दोस्तांनो, आज संध्याकाळी आई-बाबा घरी आले, की त्यांना चहा द्या आणि विचारा, "तुमच्या संगणकातल्या फायलींची शेपटं दिसतात का हो?" बघा, काय उत्तर देतात ते!