तक्रार केल्यानंतरचा त्रास आणि नोकरदार भगिनी

कामाच्या ठिकाणी स्त्रीचा लैंगिक छळ झाल्यास तक्रार कोठे व कशी करावी, याचा फलक आता बहुतेक कार्यालयांत लावलेला असतो. आमच्या बँकेतही आहे, पिण्याच्या पाण्याच्या वरच्या भिंतीवर. परंतु तक्रार केल्यानंतर त्या स्त्रीच्या नोकरीचे काय होते, हे त्या फलकावर लिहिलेले नसते. आपल्या समाजातील मुलींना खरी भीती त्याचीच असते. पुष्कळ घरांत ती पहिलीच पगारदार असते. धाकट्या भावाची फी, वडिलांचे औषधपाणी, घराच्या कर्जाचा हप्ता, सारे तिच्या पगारावर चाललेले असते. "सोसेन, पण नोकरी जायला नको," असे ती म्हणते तेव्हा तिला भित्री म्हणू नये. तिने आपला हिशेब केलेला असतो. तो हिशेब पुरेशा माहितीनिशी करता यावा, एवढ्यासाठीच हा लेख.

तक्रारीचा सूड उघडपणे घेतला जात नाही. तो कार्यालयीन आदेशाच्या रूपाने येतो. काउंटरवरून उचलून रेकॉर्ड रूममध्ये बसविणे, संगणकावरील अधिकार काढून घेणे, रजा नामंजूर करणे, पाच मिनिटे उशीर झाला म्हणून कारणे दाखवा नोटीस, गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा, आणि अखेर दूरच्या गावी बदली. यांतील प्रत्येक आदेश सुटा पाहिला तर नियमाला धरूनच दिसतो. बँकेत टाचणीवरूनही मेमो निघू शकतो, हे बँकवाल्यांना सांगावयास नको! त्यात पुन्हा सहकाऱ्यांची कुजबुज. आपल्या मुलीच्या बाबतीत "कोट्यातून आलेली" हा शब्दही तेव्हाच बरोबर बाहेर पडतो.

या कायद्याचा उगमच मुळी एका सूडाच्या घटनेत आहे. राजस्थानातील भटेरी गावच्या भंवरीदेवी या सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करीत. बालविवाह रोखण्याचे आपले नेमून दिलेले काम त्यांनी केले, म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर 'विशाखा' व इतर संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. तक्रारदार स्त्रीला किंवा साक्षीदारांना त्रास अथवा भेदभाव होता कामा नये, हे त्या तत्त्वांत स्पष्ट शब्दांत होते. पुढे २०१३ चा कायदा आला व ९ डिसेंबर २०१३ पासून तो लागू झाला. त्यात मात्र तक्रारीनंतरच्या सूडाला स्वतंत्र गुन्हा ठरविणारे कलम नाही. ही त्यातील उणीव आहे, असे आमचे मत आहे. जे आहे ते वेगवेगळ्या कलमांत विखुरलेले आहे व ते शोधून वापरावे लागते.

कलम ३ पाहा. लैंगिक वर्तनाच्या संदर्भात नोकरीत नुकसान करण्याची धमकी, आजच्या वा पुढच्या नोकरीविषयीची धमकी, कामात अडथळे आणणे, काम करणे असह्य होईल असे वातावरण निर्माण करणे, हे सर्व त्यात छळाच्या व्याख्येला जोडलेले आहे. तेव्हा मूळ प्रसंगाबरोबर अशी धमकी दिली गेली असेल, तर तीही तक्रारीत शब्दशः लिहावी. पुष्कळ भगिनी लाजेने प्रसंग त्रोटक लिहितात आणि धमकी तर वगळूनच टाकतात.

त्याहून उपयोगाचे कलम १२, आणि नेमके तेच फारसे कोणाला ठाऊक नसते. चौकशी चालू असताना तक्रारदार स्त्री समितीकडे लेखी अर्ज करून संरक्षण मागू शकते. तिची स्वतःची किंवा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याची बदली, आणि हक्काच्या रजेव्यतिरिक्त तीन महिन्यांपर्यंत रजा. नियम ८ प्रमाणे त्या वरिष्ठाने तिच्या कामाचा किंवा गोपनीय अहवाल लिहू नये व ते काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावे, अशीही शिफारस समिती करू शकते. शिफारस झाली की ती अमलात आणणे मालकावर बंधनकारक आहे. परंतु हे सारे लेखी मागितल्यावरच. येथे एक मखलाशी ओळखून ठेवावी. "तुमच्याच सुरक्षिततेसाठी तुमची बदली करीत आहोत," असे सांगून कित्येकदा तक्रार करणारीलाच हलविले जाते. कायद्यातील बदली ही तिने मागितलेली बदली आहे. तिला नको असेल तर "मी बदली मागितलेली नाही, मागणी संबंधित अधिकाऱ्याच्या बदलीची आहे," असे त्याच दिवशी लिहून द्यावे.

बँकेतलेच एक प्रकरण सांगतो. पंजाब अँड सिंध बँकेच्या इंदूर शाखेत चौथ्या श्रेणीच्या एक महिला अधिकारी होत्या. दारू ठेकेदारांच्या खात्यांतील गैरव्यवहाराबद्दल त्यांनी वरिष्ठांना लेखी कळविले होते. वरिष्ठाकडून लैंगिक छळ झाल्याची तक्रारही त्यांची होती. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांची बदली जबलपूर जिल्ह्यातील सरसवा शाखेत झाली. ती शाखा पहिल्या श्रेणीच्या अधिकाऱ्याची! बँकेच्या अंतर्गत समितीवर 'बाहेरचा सदस्य' म्हणून बसलेली व्यक्ती बँकेचीच कामे पाहणारी वकील निघाली, आणि समितीच्या रचनेतला हा मूलभूत दोष ठरला. उच्च न्यायालयाने बदली रद्द केली. बँक सर्वोच्च न्यायालयात गेली व २५ फेब्रुवारी २०२० रोजी तेथेही हरली. त्यांनी केलेल्या तक्रारींचा हा सूड आहे, असे न्यायालयाने मानले, त्यांना पुन्हा इंदूरला नेमण्याचा आदेश दिला आणि ५० हजार रुपये खर्चही देवविला. बदल्यांच्या बाबतीत न्यायालये सहसा हात घालीत नाहीत. येथे घातला, कारण गैरव्यवहाराची पत्रे आधीची होती, बदलीचा आदेश नंतरचा होता आणि शाखेची श्रेणी कागदावर दिसत होती.

याच्या उलट दुसरे प्रकरण. कोलकात्याच्या एका विधी विद्यापीठातील प्राध्यापिकेने कुलगुरूंविरुद्ध तक्रार केली. छळाचा शेवटचा प्रसंग एप्रिल २०२३ चा. ऑगस्टमध्ये त्यांना एका केंद्राच्या संचालकपदावरून दूर करण्यात आले आणि तक्रार झाली डिसेंबरात. कायद्याप्रमाणे तक्रार शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत करावयाची असते. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते, त्यापुढे नाही. पदावरून दूर करणे हाही त्याच छळाचा भाग आहे, असे त्यांचे म्हणणे होते. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. तो स्वतंत्र प्रशासकीय निर्णय धरला गेला व तक्रार मुदतबाह्य ठरली. विद्यार्थिनींनी हे प्रकरण विशेष लक्षात घ्यावे. "पाहू, पुढे काय करतात ते," म्हणून थांबले, की नंतर घेतलेला सूड मुदत वाढवून देईलच असे नाही.

आम्ही व्हाउचरची माणसे. कागदाशिवाय नोंद नाही, हे आम्हांला पहिल्या दिवशी शिकविले जाते, आणि येथेही तेच लागू पडते. तक्रारीच्या सहा प्रती द्याव्या लागतात. सातवी आपल्याजवळ ठेवून तिच्यावर तारखेसह पोच घ्यावी. मागील वर्षांचे चांगले अहवाल, प्रशस्तिपत्रे, हजेरीच्या नोंदी यांच्या प्रती आधीच घरी असाव्यात. "काम बरोबर नव्हते" या आरोपाला तेवढेच उत्तर पुरते. तोंडी हुकूम मिळाला तर, "आपण आज दिलेल्या तोंडी सूचनेप्रमाणे मी रेकॉर्ड विभागात काम सुरू केले आहे," असे पत्र वा ई-मेल पाठवावा. मेमोला उत्तर मुदतीत, थोडक्यात व राग न दाखविता द्यावे. ग्राहकांचे कागद मात्र पुरावा म्हणून घरी नेऊ नयेत. त्यावरून उलट आपल्यावरच कारवाई होते.

बदलीचा आदेश हाती आलाच, तर घरी बसून राहू नये. नुसता विनंती अर्ज दिल्याने बदली थांबत नाही, स्थगिती नसेल तर रुजू व्हावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच गुजरात वीज मंडळाच्या प्रकरणात सांगितले आहे. हरकत लेखी नोंदवावी, रुजू व्हावे आणि मग दाद मागावी. गैरहजेरी हा मालकाच्या हाती आपण होऊन दिलेला मुद्दा ठरतो. कामगार या व्याख्येत बसणाऱ्यांना आणखी एक आधार आहे. दुष्ट हेतूने केलेली बदली ही अनुचित कामगार प्रथा आहे, असे २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेच्या अनुसूचीत म्हटले आहे. युनियनने येथे कामी यावे. पुष्कळदा ज्याच्याविरुद्ध तक्रार असते तोही युनियनचाच सभासद असतो आणि मग पदाधिकारी मौन धरतात, हे आम्ही जाणतो. तरीही अर्ज लेखी द्यावा व त्याचीही पोच घ्यावी.

तक्रार सिद्ध झाली नाही तर उलट शिक्षा होईल, अशी धास्ती मुद्दाम पसरविली जाते. ती निराधार आहे. केवळ पुरावा देता आला नाही म्हणून कारवाई करता येत नाही, असे कलम १४ मध्येच लिहिले आहे. समितीच्या शिफारशी मान्य नसतील किंवा त्या अमलात आणल्या जात नसतील, तर ९० दिवसांत अपील करता येते. दहापेक्षा कमी नोकर असलेल्या ठिकाणी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असल्यास, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे.

पोलिसांकडे जाण्याची वाट समितीमुळे बंद होत नाही. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. त्यामुळे करणारा अनुसूचित जाती-जमातींबाहेरचा असल्यास अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम ३(१)(व) लागू होऊ शकते. २०१६ पासून त्याच कायद्यात पीडित व साक्षीदार यांना धाकदपटशापासून संरक्षण देणारे कलम १५ अ आहे. जातीचे प्रमाणपत्र व वैधता प्रमाणपत्र अशा वेळी शोधत बसावे लागू नये.

राहता राहिले सहकारी. समितीसमोर सर्वांत जास्त अडते ते साक्षीपाशी. खोलीत काय घडले ते कोणी पाहिलेले नसते, पण ती रडत बाहेर आलेली चौघांनी पाहिलेली असते, आणि दुसऱ्या आठवड्यात तिचे टेबल हलविलेले तर सगळ्या शाखेने पाहिलेले असते. तेवढे तारखेनिशी सांगणाराही साक्षीदारच. आपले जे बंधू बँकेत, विमा कंपनीत, महानगरपालिकेत वा शाळेत नोकरीस आहेत त्यांनी अशा भगिनीला "माझे नाव साक्षीदारांत घाल," असे आपण होऊन सांगावे, आणि ते तिने तक्रार लिहिण्यापूर्वी सांगावे, म्हणजे नाव तक्रारीतच येते.