विरार फास्ट आणि 'परम'ची रांग

घाटकोपरहून मुलुंडला जायला कुणी कसारा फास्टमध्ये चढतं का? किंवा अंधेरीला उतरायचं असताना विरार फास्टमध्ये? चढलात तर दारातली मंडळी उतरू देतील याची खात्री नाही. सामायिक महासंगणकाचंही तसंच.

पुण्यात आयसर या विज्ञानसंस्थेत 'परम ब्रह्म' हा महासंगणक आहे, खोडदच्या दुर्बिणीसाठी 26 सप्टेंबर 2024 ला 'परम रुद्र'चं लोकार्पण झालं. अशा यंत्रांवर कामांना नंबर लावायचं काम बहुधा 'स्लर्म' हा प्रोग्रॅम करतो. रांगा वेगवेगळ्या: साध्या सीपीयूची, जीपीयूची, जास्त मेमरीची. प्रोग्रॅम जीपीयूसाठी लिहिलेलाच नसेल, तर त्या रांगेत उभं राहणं म्हणजे फुकट जागा अडवणं.

खरी गंमत वेळेत आहे. तीन तासांच्या कामाला मी एकदा 'असू दे' म्हणून 72 तास मागितले आणि दोन दिवस 'पेंडिंग' बघत बसलो. मोठ्या कामासाठी नोड, म्हणजे महासंगणकातले सुटे संगणक, रिकामे होईपर्यंत मधे जी फट उरते, तिथे स्लर्म छोटी कामं सरकवतो. याला बॅकफिल म्हणतात. माझ्या 72 तासांना त्या फटीत जागा कुठली! अर्थात फार कमीही मागू नका, वेळ संपली की काम मधेच मारलं जातं. आधी छोटी चाचणी घ्या, लागलेल्या वेळेच्या सव्वापट मागा.

आणि काम टाकण्याआधी 'एसइन्फो' ही आज्ञा देऊन कुठली रांग रिकामी आहे ते बघा. इंडिकेटर न वाचता गाडीत चढता का कधी?