दुरुस्तीची शस्त्रक्रिया : करावी की थांबावे?



आजचा विषय जाहीर होताच पुढच्या रांगेतील काही मंडळींनी माना खाली घातल्या, हे मी पाहिले. त्यात त्यांचा दोष नाही. पुरुषाच्या शिश्नात बसविलेले कृत्रिम रोपण, आणि ते मनासारखे न झाल्यास करावयाची दुसरी शस्त्रक्रिया, हा विषय आपल्याकडे चारचौघांत बोलत नाहीत. पण याच महाराष्ट्रात रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले आणि शरीराविषयी स्वच्छ मराठीत बोलता येते हे दाखवून दिले. त्या वाटेनेच आज थोडे चालू.

मी डॉक्टर नाही. नववीत शाळा सुटली, आणि पुढचे आयुष्य कामगार संघटनेत गेले. या विषयाशी माझा संबंध आला तो एका फिटरमुळे. सभा संपून कार्यालय रिकामे झाल्यावर तो मागे राहिला आणि म्हणाला, “दादा, भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढायचे आहेत. अर्ज लिहून द्या.” कारण विचारले तेव्हा बराच वेळ गप्प बसला. मधुमेहाने त्याची ताठरता गेली होती. गोळ्यांचा उपयोग झाला नाही म्हणून त्याने रोपण करून घेतले होते. त्याला तीन महिने झाले होते. “फसलो,” तो म्हणाला, “आता पुन्हा उघडून दुरुस्त करून घेतो.”

मी त्याला म्हटले, अर्ज उद्या लिहू. आधी तुझी तक्रार लिहू. ‘आमच्यावर अन्याय होतो’ एवढे लिहून मागणीपत्र होत नाही. कोणता अन्याय, कुठे, कधीपासून, हे कलमवार मांडावे लागते. त्याने कलमे सांगितली ती तीन : लांबी कमी झाली, टोक खाली लोंबते, आणि पंप हाताला नीट सापडत नाही.

आता हे यंत्र कसे असते ते पाहू. शिश्नाच्या आत स्पंजासारख्या ऊतींचे दोन दंड असतात. त्यांत रक्त भरून राहिले म्हणजे ताठरता येते. मधुमेह, पुरःस्थ ग्रंथीवरील शस्त्रक्रिया किंवा ओटीपोटाची इजा यांमुळे ही क्रिया बंद पडू शकते. ह्यूस्टनचे डॉ. ब्रँटली स्कॉट व त्यांचे सहकारी यांनी १९७३ साली यावर फुगणारे रोपण पुढे आणले. त्या दोन दंडांत दोन नळ्या, वृषणकोशात छोटा पंप आणि पोटाच्या खालच्या भागात मिठाच्या पाण्याची पिशवी, अशी त्याची रचना. पंप दाबला की पाणी नळ्यांत जाते. झडप दाबली की परत पिशवीत येते. दुसरा प्रकार वाकविता येणाऱ्या घट्ट दांड्यांचा. तो साधा व स्वस्त असतो, पण ताठपणा कायम राहतो. मुंबईचे डॉ. रूपिन शहा यांनी अशाच दांड्यांचे एक भारतीय रोपण तयार केले; वरची आवरणे काढून त्याची जाडी जुळविता येते. रोपणाने ताठरता मिळते. इच्छा, संवेदना व वीर्यस्खलन या गोष्टी त्याने नव्याने मिळत नाहीत.

असमाधान तीन जातींचे असते, आणि सगळा निर्णय ही जात ओळखण्यावर आहे.

पहिली जात बिघाडाची. नळी गळली, झडप अडली, यंत्र फुगेनासे झाले. बहुतेक यंत्रे दहा वर्षांनंतरही चालतात. पण यंत्र ते यंत्रच, ते कधीतरी झिजते. येथे यंत्र बदलणे हा सरळ उपाय आहे.

दुसरी जात बसविण्यातील दोषाची. नळ्या आखूड पडल्या तर टोकाला आधार मिळत नाही. जास्त लांब झाल्या तर त्या आत वाकतात व दुखतात. कधी नळ्यांचे माप बरोबर असूनही शिश्नाग्र सैल राहते. कॉन्कॉर्ड विमानाचे नाक खाली झुकत असे, त्यावरून इंग्रजी वैद्यकात या दोषाला नावच पडले आहे. पंप फार वर बसला तर बोटांना सापडत नाही. यांतील पुष्कळसे दुरुस्त होते.

तिसरी जात अपेक्षाभंगाची. लांबी तरुणपणीसारखी नाही, टोक पूर्वीसारखे फुगत नाही, स्पर्श गार वाटतो. रोपण लांबी वाढवीत नाही. जेवढी जागा उरली आहे तेवढीच ते भरते. दुसऱ्या वेळी चाकू चालविला म्हणून ही तक्रार मिटेल, असे समजू नये.

आणि दुसरी शस्त्रक्रिया म्हणजे पहिलीचीच पुनरावृत्ती नव्हे. यंत्राभोवती कवच तयार झालेले असते, ऊतींत व्रण असतात. वरून सगळे ठीक दिसत असले तरी यंत्राच्या पृष्ठभागावर जंतूंचा पातळ थर चिकटलेला असू शकतो. पहिल्या वेळी जंतुसंसर्गाचे प्रमाण शंभरात साधारण एक ते तीन असते. दुसऱ्या वेळी ते दुपटी-तिपटीने वाढते. संसर्ग झाला तर सहसा सगळे यंत्र काढावे लागते. काही रुग्णांत आतील जागा धुऊन त्याच वेळी नवे यंत्र बसविता येते, पण ते सर्वांना लागू नाही. यंत्र काढून तसेच ठेवले तर आत व्रण होऊन अवयव आणखी आखडतो, आणि नैसर्गिक ताठरता परत येत नाही. लांबीसाठी हट्ट धरणाऱ्याची लांबीच आणखी कमी होण्याचा हा धोका आहे.

म्हणून घाई नको. सूज आणि दुखणे उतरायला आठवडे जातात. यंत्राची सवय होऊन समाधान वाटू लागायला पुष्कळांना काही महिने लागतात. मात्र ताप, पू, वाढत जाणारे दुखणे, पंप कातडीला चिकटणे, किंवा कातडी पातळ होऊन आतला भाग दिसू लागणे यांपैकी काहीही असेल तर एक दिवसही थांबू नये.

फिटरबरोबर मी दुसऱ्या शल्यवैद्याकडे गेलो. पहिल्या शस्त्रक्रियेची टिपणे, यंत्राचे कार्ड आणि नळ्यांची मापे मागवून बरोबर नेली. ते कागद मागणे हा रुग्णाचा हक्क आहे. आम्ही चार प्रश्न विचारले : दोष नक्की कोणता? तो दुरुस्त झाला तर काय बदलेल, आणि काय बदलणार नाही? काहीच केले नाही तर काय होईल? अशा दुरुस्त्या आपण स्वतः किती केल्या आहेत? या चौथ्या प्रश्नाचा ज्याला राग येईल, त्याच्याकडे शस्त्रक्रिया करू नये.

तपासणीत नळ्यांचे माप बरोबर निघाले. पंप जागेवर होता. तो कसा धरावा हेच कोणी नीट शिकविले नव्हते. तेथील परिचारिकेने अर्ध्या तासात ते शिकविले. एक कलम मिटले. टोक सैल होते. ते नळ्यांना हात न लावता, लहान छेद घेऊन टाक्यांनी मागे बसविता येत होते. राहिली लांबी. तेव्हा इतका वेळ गप्प बसलेल्या वहिनी म्हणाल्या, “या लांबीची तक्रार कोणाची आहे? मला तर कोणी विचारलंच नाही.”

फिटर खाली बघत राहिला. परतताना तो बसमध्ये एवढेच बोलला, “दादा, तिला आधी विचारायला हवं होतं.”

त्याने आधी रक्तातील साखर ताब्यात आणली, मग टोकाची लहान शस्त्रक्रिया करून घेतली. नळ्या बदलल्या नाहीत. लांबीचे कलम त्याने मागणीपत्रातून स्वतःच काढून टाकले. निधीचा अर्ज आम्ही लिहिला, पण रक्कम पुष्कळच कमी घातली.

एखाद्याचे यंत्र खरोखर बिघडले असेल, तर त्याने सहन करीत बसावे असे मी म्हणणार नाही. त्याने अवश्य दुरुस्ती करून घ्यावी. पण संप पुकारण्यापूर्वी मागणी कोणती, ती पदरात पडण्याजोगी आहे का, आणि हरलो तर हातचे काय जाईल, याचा हिशेब आम्ही मांडतो. स्वतःच्या शरीराच्या बाबतीत माणसाने तो तितक्याच काळजीने मांडावा, आणि मांडताना घरच्या माणसाला शेजारी बसवून घ्यावे, एवढेच माझे सांगणे आहे.