श्यांगयांगचा वेढा आणि मंजनीक
चीनमधील जुनी गोफणयंत्रे दोर ओढणाऱ्या माणसांच्या बळावर चालत; साहजिकच प्रत्येक फेकीचा पल्ला बदले. पश्चिम आशियातील मंजनीकात माणसांच्या जागी तरफेच्या आखूड भुजेला जड पेटी टांगलेली असे. त्यामुळे धोंडा पुनःपुन्हा जवळपास त्याच जागी आदळे, आणि तट फोडण्यास नेमके हेच हवे असते. १२६८ पासून सुंग राजवटीची श्यांगयांग व फानचंग ही जोडशहरे मंगोल वेढ्यात होती. कुब्लाई खानाच्या मागणीवरून इराणच्या इलखानाने इस्माईल व अलाउद्दीन हे यंत्रज्ञ धाडले. १२७३ मध्ये प्रथम फानचंग पडले. मागोमाग सेनापती लू वनहुआन याने श्यांगयांगही स्वाधीन केले. ही यंत्रे पोलो मंडळींनी उभारविली, हे मार्को पोलोच्या वृत्तांतातील विधान मात्र टिकत नाही. तो कुब्लाईच्या दरबारी पोहोचला तोच १२७५ च्या सुमारास.